वेलांटी आधी

“उघरत नाय म्हंजे काय?”

कुंदाताईंची आणि माझी ओळख या वाक्याने झाली आणि पुढची सतरा वर्षं हे वाक्य मी भिंतीपलीकडून दिवसातून चारदा तरी ऐकलं. जुईनगर स्टेशनपासून पाच मिनिटांवर एका बिल्डिंगच्या तळमजल्याला आमचे गाळे शेजारी शेजारी होते. माझ्याकडे लग्नपत्रिका जुळवून छापून मिळायच्या. त्यांच्या गाळ्यावर पाटी होती, ‘कुंदा व्हिडिओ मिक्सिंग’. मधे प्लायवूडची भिंत. त्यामुळे त्यांच्याकडे आलेलं प्रत्येक लग्न मी बघितलं नसलं तरी ऐकलेलं आहे. मंगलाष्टकातलं ‘सावधान’ लग्नात ऐकायला बरं वाटतं. मिक्सिंगला बसलेली बाई तेच ‘सावधान’ मागेपुढे करून तीस वेळा ऐकते आणि शेजारच्यालाही ऐकवते.

मी नवा गाळा घेतला त्याच आठवड्यात एका नवरदेवाचा फोटो माझ्या कॉम्प्युटरवर उघडेना. दुसरीकडून आणा, असं गिऱ्हाइकाला सांगून मी मोकळा झालो होतो. तेवढ्यात पलीकडून या बाई दारात आल्या. ठेंगण्या, केसांत अबोलीचा गजरा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांच्या आगरी बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो, हे मी त्या क्षणी शिकलो.

“उघरत नाय म्हंजे काय? कोनीतरी बंद केला हाय ना? मंग कोनालातरी उघरता येतंय. आना इकरं.”

अर्ध्या तासात नवरदेव हसऱ्या चेहऱ्याने माझ्या पत्रिकेवर हजर. मी आभार मानायला गेलो तर त्या म्हणाल्या, “पत्रिकावाले, गिऱ्हाइकाला परत धारू नका. त्याचा लगीन एकदाच हाय.” तेव्हापासून मी पत्रिकावाले. माझं आडनाव त्यांनी कधी विचारलं नाही.

एडिटिंग या शब्दाचा त्यांना मनापासून राग होता. खारघरच्या कुठल्याशा कॉलेजातल्या दोन मुली प्रोजेक्टसाठी त्यांची मुलाखत घ्यायला आल्या होत्या. “मॅम, एक लेडी एडिटर म्हणून तुम्हाला काय वाटतं?” असं एकीने विचारलं. कुंदाताई म्हणाल्या, “एडिटर कापतो. मी कापत नाय, मी मिसलतंय.” यामागे त्यांचं एक पक्कं गणित होतं. लग्नाच्या फिल्ममध्ये प्रत्येक पाहुणा एकदा तरी दिसलाच पाहिजे. त्यासाठी त्या घरच्यांकडून नात्यांची यादी मागून घेत आणि दिसेल त्याच्या नावावर काट मारत. एखादी आत्या कॅमेऱ्यात सापडलीच नसेल तर जेवणाच्या पंगतीत कोपर का होईना शोधून काढत. गिऱ्हाईक कंटाळून म्हणायचं, “ताई, तीन तासांची फिल्म कोण बघतं?” ताई म्हणायच्या, “आत्या बगतं.”

फिल्म तयार झाली की तिची एक परीक्षा असे. कुंदाताईंच्या सासूबाईंचा बटणांचा फोन होता. आकडे पुसलेले, मागचं झाकण रबरबँडने बांधलेलं. त्यातल्या कार्डावर कुंदाताई फिल्मची एक छोटी प्रत करून टाकायच्या आणि त्या बोटभर पडद्यावर चालवून बघायच्या. तिथे चालली तरच काम पूर्ण. एकदा खारघरचा एक आयटीवाला भाऊ बहिणीच्या लग्नाची फिल्म न्यायला आला आणि हा फोन बघून हसायलाच लागला. “ताई, आम्हाला लेटेस्ट फॉरमॅट द्या हो. हे कोण बघणार?” त्याला त्याचा लेटेस्ट फॉरमॅट मिळाला. वर न मागता एक साधी एमपीफोर आणि एक बटणाच्या फोनची प्रतही मिळाली. महिन्याने त्याचाच फोन आला. घरच्या टीव्हीवर लेटेस्ट चाललं नव्हतं. गावाकडच्या आजोबांनी मात्र नातीचं लग्न त्यांच्या फोनवर रोज एकदा बघायचा नेम धरला होता. कुंदाताईंनी स्पीकर चालू करून ते मला मुद्दाम ऐकवलं. पुढचे दोन दिवस बाईंचा रुबाब विचारू नका.

आता वेलांटीची गोष्ट. ही सांगताना माझाही धंदा मधे येतो, कारण वेलांट्या-काने-मात्रे हेच माझं पोट.

त्यांच्या जुन्या सॉफ्टवेअरला मराठी कळत नव्हतं. इंग्रजीत अक्षरं एकापुढे एक उभी राहतात, तशीच ते आपलीही उभी करायचं. पहिली वेलांटी आपण अक्षरानंतर टाइप करतो, पण दिसायला ती अक्षराच्या आधी यावी लागते. हे त्या सॉफ्टवेअरला कोणी सांगितलेलंच नव्हतं. ते वेलांटी जागच्या जागी ठेवायचं आणि ती जाऊन पुढच्या अक्षरावर बसायची. एका हळदीला मोठ्या पडद्यावर नाव लागलं, किरणचं. दिसलं ‘करिण’. ‘चि.’मधली वेलांटी तर टिंबावर बसली होती. मांडवात हशा झाला असता तर निभावलं असतं, पण नवऱ्याच्या मामांना वाटलं की मुलीकडच्यांनी कुंडली बघून परस्पर नाव बदललं. आवाज चढले. मीही त्या हळदीला होतो, आणि पत्रिकेत नाव बरोबर होतं ना, या विचाराने मला घाम फुटला होता.

कुंदाताई स्टेजवर चढल्या आणि बॅन्जोवाल्याच्या हातून माइक घेतला. “नवरा त्योच हाय. वेलांटी हालली हाय. आथा जेवाला चला.” आणि खरोखरच लोक जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे येऊन बसल्या. कीबोर्ड पुढे ओढून बराच वेळ खटपट केली आणि मग एकदम टाळी वाजवली. वेलांटी आधी टाइप करायची आणि अक्षर नंतर. लिहिताना चूक, दिसताना बरोबर. तेव्हापासून त्यांच्या बोटांना तेच वळण लागलं. दहाएक वर्षं झकास चाललं. मग त्या कंपनीने नवीन व्हर्जन काढलं आणि त्याला मराठी यायला लागलं. कुंदाताईंची सगळी जुनी टायटलं एका दिवसात बिघडली. प्रत्येक पहिली वेलांटी एका ठिपक्याठिपक्यांच्या गोलावर लटकलेली, आणि शेजारी अक्षर बोडकं.

त्यांनी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडचा मुलगा नम्रपणे म्हणाला, “मॅम, वो आपकी टाइपिंग मिस्टेक है.”

कुंदाताई सरळ आगरीत सुरू झाल्या. त्या पोराला काय कळलं देव जाणे. “धा वरसा तुमची मिस्टेक मी माझे हातानं झाकली. आथा तुमी सुधारलाव आनि मिस्टेक माजी झाली?”

पुढच्या टायटलांसाठी त्यांनी सून बसवली, पण स्वतःचा हात बदलला नाही. फोनवर मेसेज करतानाही वेलांटी आधी. दरवर्षी मला ‘िदवाळीच्या शुभेच्छा’ यायच्या, वेलांटी तशीच गोलावर लटकलेली. मी पुरता धंदेवाईक माणूस. मी दरवर्षी ‘दिवाळीच्या’ असं दुरुस्त करून परत पाठवायचो. “पत्रिकावाले,” त्या म्हणायच्या, “मशीन उंद्या पुना बदलल. मी कितींदा बदलू?” मला हा निव्वळ हट्ट वाटायचा.

तो हट्ट कशासाठी होता हे मला उशिरा कळलं, त्यांच्या सासूबाईंमुळे. हिराबाई, म्हणजे हिराआय, गावची धवलारीण होती. आगरी लग्नात धवले गाणारी आणि त्या गाण्याबरोबर लग्नाचे विधी लावणारी ही बाई. घाटावरून आलेल्या माझ्यासारख्याला आधी हे माहीत नव्हतं. माझ्या पत्रिकांवर शुभमुहूर्त असायचा, पण तिकडच्या कितीतरी घरांत मुहूर्त गाजायचा तो हिराआयच्या आवाजाने. ती गेली, आणि गावात तिच्या तोडीचं कोणी उरलं नाही.

कुंदाताईंचे यजमान, तेही आता नाहीत, कॅमेरा चालवायचे. त्यांनी शूट केलेल्या लग्नांत हिराआय पंधरा-वीस वर्षं कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यात उभी होती. टेपा पावसाळ्यांत बुरशीने गेल्या. उरल्या त्या कॉम्प्युटरमधल्या फाइली. आणि त्या फाइली टेपेवरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये भरणाऱ्या एका खास कार्डातून निघालेल्या होत्या. ते कार्ड ज्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये होतं, त्याच्यावरच त्या नीट दिसत. कार्ड बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. दुसऱ्या कुठल्याही मशीनवर लावलं की हिराआयचा आवाज यायचा आणि पडदा नुसता हिरवागार.

“आवाज हाय,” कुंदाताई म्हणायच्या, “पन आय नाय.”

मी एकदा म्हणालो, “ताई, आवाज तर वाचला ना? गाणं महत्त्वाचं.” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषयच बदलणार होतो. मग त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि त्या जुन्या मशीनवर एक हळद लावली. हिराआय गात होती. एका ओळीला तिने हळदीचं बोट नवरीच्या पायाला लावलं, पुढच्या ओळीला गुडघ्याला, मग मधेच हात थांबवला, श्वास घेतला आणि तांदूळ डाव्या हातातून उजव्या हातात घेतले. “ह्या थांबला ना, ह्या गान्यात नाय,” कुंदाताई म्हणाल्या. “हातात हाय. माझी भाची नयना, तिना सगले धवले पाठ हायेत. ऐकून ऐकून शिकली. पन मांडवात उभी रहली क हात कुठं ठेवाचा ता तिना ठावं नाय. ती लाजून गप बसतं.”

म्हणजे पुढच्या मुलीला हिराआयचे हात दिसायला हवे होते, आणि ते हात एका आचके देणाऱ्या मशीनमध्ये अडकले होते. एवढा साधा मामला होता.

मधे एका ॲपवाल्या कंपनीचा माणूस आला. लोककला जमवणारं ॲप. माणूस सज्जन होता, बूट बाहेर काढून आला. म्हणाला, “ताई, पिक्चर क्वालिटी तशीही जुनी आहे. आम्हाला फक्त ऑडिओ द्या. आम्ही क्लीन करून आमच्या ॲपवर ठेवू. एक्सक्लुझिव्ह. बाहेर कुठे जाणार नाही.”

कुंदाताईंनी ड्रॉवरमधून बटणांचा फोन काढून त्याच्यापुढे ठेवला. “ह्यावर उघरल?”

“नाही ताई, यावर सपोर्ट नाही.”

“हिराआयचा फोन हाय ह्यो. तिचा गाना तिचे फोनवर उघरत नाय, तर तुमी जपताव कोनासाठी?” मग चहा पुढे सरकवत म्हणाल्या, “तुमचा आमाना सपोर्ट नाय, तर आमचा तुमाना कला? चा घ्या.”

त्यांच्या बोलीत ‘कला’ म्हणजे ‘कशाला’. त्याने चहा घेतला आणि तो गेला. मला वाटलं, चांगली संधी घालवली. तसं मी बोललोही. त्या म्हणाल्या, “कंपनी बंद पराला कवरा येल लागतं, ता मी एकदा बगलाय.” मशीन बदललं तरी त्या वेलांटी का बदलत नव्हत्या, ते मला तेव्हा कळलं.

मग त्यांनी स्वतःच काम सुरू केलं. जुन्या कार्डाच्या पाठीमागून वायर काढून ती एका छोट्या डबीतून नव्या कॉम्प्युटरला जोडली. इकडे फिल्म चालायची, तिकडे ती साध्या एमपीफोरमध्ये भरली जायची. यात घाई चालत नाही. तीन तासांच्या लग्नाला तीन तासच लागतात. सकाळी दुकान उघडलं की आधी हिराआयचं एक लग्न, मग बाकीची गिऱ्हाइकं. माझ्या पत्रिका रोज धवले ऐकत छापल्या जाऊ लागल्या. मशीन मात्र जागेवरून हलवायचं नाही. एकदा केर काढताना ते चार बोटं सरकलं, तर तीन दिवस सुरू झालं नव्हतं.

आणि नेमकी बिल्डिंग पुनर्विकासाला गेली.

मी पहिल्याच आठवड्यात सही करून दुसरीकडे गाळा बघितला. आमच्याकडे भांडायची पद्धत नाही, आणि ही काही मी फुशारकी मारत नाही. एकेक शटर कायमचं खाली आलं. कुंदाताईंनीही सही केली होती, जागेवर त्यांचा हक्कबिक्क काही नव्हता, पण शटर खाली घेतलं नाही. सोसायटीचे सेक्रेटरी सावंत रोज यायचे. “ताई, सगळे गेले.” ताई म्हणायच्या, “हिराआय नाय गेली.”

शेवटी एका सकाळी सावंत मीटर काढणारी दोन माणसं घेऊनच आले. मी माझी पाटी न्यायला आलो होतो, म्हणून हे डोळ्यांनी बघितलं. कुंदाताईंनी पॅसेजमध्ये बरोबर मीटरच्या पेटीखाली स्टूल टाकलं होतं आणि त्यावर बसून मांडीवरच्या ताटात वाल सोलत होत्या. आत फिल्म चालू होती.

“ताई, उठा. कायदेशीर नोटीस आहे,” सावंत म्हणाले.

“वाचली. आत लगीन चालू हाय. लगीन लागल्याबिगर वायर कापाची नाय.”

“कसलं लग्न? टीव्ही चाललाय तो!”

“तुमाना टीव्ही. मना सासू.”

मीटरवाल्यांतला थोरला मोरा बंदराच्या बाजूचा होता. तो आतला आवाज ऐकत उभा राहिला आणि हळूच म्हणाला, “ही हिराबाय ना? माजे बहिनीची हलद हिनंच लावली.” मग जोडीदाराला म्हणाला, “चल, चा पिऊन येऊ.” ते गेले ते काही परत आले नाहीत.

सावंत लाल झाले. तेही बिचारे काय करणार, त्यांच्या मागे बिल्डर उभा होता. “किती राहिलीत अजून?”

“चार लग्ना.”

“दोन दिवस. त्यानंतर मी काही ऐकणार नाही.”

“ऐकू नका. बगाला या,” कुंदाताई म्हणाल्या आणि पुढची शेंग सोलायला घेतली.

मी पाटी तिथेच ठेवली आणि दोन्ही दिवस त्यांच्याकडे बसलो. कामाचा मी काही नव्हतो, पण जाववेना. तीन लग्नं निघाली. चौथं होतं त्यांच्या स्वतःच्या मुलीचं. हिराआयने लावलेलं शेवटचं लग्न. नातीचं म्हणून तिने त्यात एकही विधी गाळला नव्हता. म्हणजे नयनाला शिकायला खरं तर हेच एक पुरेसं होतं. भीतीने त्यांनी तेच शेवटी ठेवलं होतं, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं. भीती हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

हळद सुरू झाली आणि पडदा हिरवा झाला. आवाज चालू, हिराआय गातेय, आणि समोर नुसता हिरवा रंग. मशीन बंद करून चालू केलं. चालूच होईना.

“पत्रिकावाले, खोरपेन्सिल हाय?” त्यांनी विचारलं.

त्यांना खोडरबर हवं होतं. माझ्या पाटीच्या पिशवीत एक होतं. त्यांनी मशीनचं झाकण काढलं, ते कार्ड उपसलं आणि त्याच्या कडेचे पिवळे दात खोडरबराने घासायला सुरुवात केली. शाळकरी पोर वही खोडतं तसं, जीव लावून. घासता घासता मशीनला शिव्या. “तुजी कंपनी मेली, ती मेली. तू कला मरतंस? ह्या घरचा खाल्लंस ना तू?” चष्म्याखालून पाणी ओघळत होतं. ते पुसायलाही त्या थांबल्या नाहीत. कार्ड परत बसवलं. बटण दाबलं. पंखा घरघरला, थांबला, परत घरघरला.

आणि हिराआय दिसली. ठेंगणीठुसकी, सुनेसारखीच अबोली माळलेली, हळदीचं बोट वर धरून उभी.

तीन तास आम्ही दोघंही जागचे हललो नाही. शेवटचा तांदूळ पडला, फाइल पूर्ण भरली, मग ती बटणांच्या फोनवर चालवून बघितली. चालली. कुंदाताई उठल्या, मशीनची वायर स्वतःच्या हाताने भिंतीतून उपटली आणि दाराशी येऊन ठेपलेल्या सावंतांना म्हणाल्या, “आथा न्या तुमची जागा.”

त्यानंतर त्यांना मी एकदाच बघितलं, त्यांच्या गावात एका हळदीला. पत्रिका माझीच होती म्हणून आमंत्रण होतं. मांडवात इतका गोंगाट की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. मग अचानक कोणीतरी डीजे बंद केला आणि नयना पाटासमोर उभी राहिली. तिने गायला सुरुवात केली. हळद पायाला, मग गुडघ्याला. मग तिचा हात थांबला. मला वाटलं, विसरली. पण तिने श्वास घेतला आणि तांदूळ डाव्या हातातून उजव्या हातात घेतले. बायकांच्या घोळक्यातून एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, “गो बाय, हिरीच ही!”

गाणं संपलं, डीजे पुन्हा सुरू झाला. मी गर्दीत कुंदाताईंना शोधलं. मांडवाच्या पार दुसऱ्या टोकाला त्या बायकांच्या फोनांमध्ये अडकल्या होत्या. महागडे, स्वस्त, काच फुटलेले, असे हरतऱ्हेचे फोन पुढे येत होते, आणि त्या एकेकावर हिराआय टाकून देत होत्या. एक पोरगी फोन नाचवत काहीतरी तक्रार करत होती. ऐकू आलं नाही, पण कुंदाताईंचे ओठ हलले आणि ते वाक्य मला इतक्या लांबूनही वाचता आलं. त्यांनी फोन तिच्या हातातून ओढून घेतला. मिनिटभराने पोरगी हसली.

मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. हात वर केला, तोंडाने काही म्हणाल्या, मला कळलं नाही. तशा त्यांनी स्वतःचा फोन काढला आणि एका बोटाने टाइप करायला लागल्या. माझ्या खिशात फोन थरथरला.

‘आवाज पन हाय िचत्र पन हाय’

वेलांटी आपली गोलावर लटकलेली. माझी बोटं सवयीने चालली, ‘चित्र’ लिहिलं, आणि मी थांबलो. ते खोडलं. मग आयुष्यात पहिल्यांदा वेलांटी आधी दाबली आणि त्यांना उत्तर पाठवलं.

‘िदसलं.’